दादाच्या टीव्हीचं मत

कावळा काही शिवेना.

कयाधू नदीच्या काठी आम्ही सगळे भाऊबंद उन्हात उभे होतो आणि दादाचा पिंड ठेवला तसाच होता. दहावा दिवस. कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या बाभळीवर चांगले जमून बसले होते. मधूनच एखादा खाली उतरायचा, पिंडाभोवती दोन उड्या मारायचा, मान तिरपी करून आमच्याकडे बघायचा आणि परत बाभळीवर जायचा. अशा वेळी काय समजायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय. ते कशात, हे ओळखायचं, हात जोडून मोठ्यानं कबूल करायचं, की कावळा येतो.

पुतण्या पुढं झाला. "बाबा, आईला मी अंतर देणार न्हाई." कावळा आला नाही. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, धुऱ्याचं भांडण म्या सोडून दिलं. तुमचंच बराबर होतं." हे ऐकून आम्ही सगळे गार झालो, कारण हा माणूस त्या बांधासाठी कोर्टापर्यंत गेला होता. पण कावळ्याला त्याचं काही वाटलं नाही. कोणीतरी म्हणालं, तंबाखू खायचे, तंबाखू ठेवा. चिमूटभर तंबाखू ठेवली. एका कावळ्यानं ती जवळून बघितली आणि तो गेला तो आलाच नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. "तू बोल की. रोज संध्याकाळी तुझ्यासंगंच बसायचे ते."

काय राहिलंय ते मला माहीत होतं. पण ते असं होतं, की दहाव्याला, ओल्या अंगानं, भाऊबंदांसमोर मी ते बोललो असतो तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. मी हात जोडले, ओठ हलवले, आवाज काढला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि आम्ही अंघोळी करून परत आलो. सगळ्यांचं समाधान झालं. माझं झालं नाही. तेव्हापासून एखाद्या कावळ्यानं माझ्याकडे मान तिरपी करून बघितलं, की मी दुसरीकडे बघायला लागतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचा जन्म एस.टी. चालवण्यात गेला. हिंगोली, औंढा, वसमत, नांदेड, फिरून फिरून हेच रस्ते, आणि हे रस्ते तेव्हा कसे होते ते त्याच्या कमरेला विचारा. खड्डे चुकवता चुकवता त्याच्या मणक्यांचा खुळखुळा झाला होता. मी वसमतला टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. दुकान अजून आहे. सकाळी कुलूप काढतो, झाडतो, बसतो आणि दुपारी जेवायला घरी येतो. नवे टीव्ही कोणी दुरुस्त करत नाही, बदलून टाकतात, म्हणून मला तसं काही काम नसतं.

आमची घरं एकाच गल्लीत. आवाजही एकसारखे. इतके, की फोनवर बहीण फसायची आणि दादा समजून मला सासरची सगळी गाऱ्हाणी सांगून मोकळी व्हायची. स्वभाव मात्र वेगळे. दादा एकदा एखाद्याचा झाला की झाला. मी कोणाचाच पटकन होत नाही, आणि झालो तरी कुरकुर करत होतो.

रोज दिवेलागणीला मी त्याच्याकडे जायचो. वहिनी दोन चहा करायच्या. मला कपात, चांगला गोड. दादाला साखरेचा आजार, म्हणून त्याला स्टीलच्या छोट्या गिलासात, बिनसाखरेचा. तो एक घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचा, माझ्या कपाकडे बघायचा आणि म्हणायचा, "ह्यो रोग बी तुझ्या पार्टीवाल्यांनीच आणला असंल." तिथून भांडणाला सुरुवात व्हायची.

देशाच्या राजकारणाशिवाय आम्ही दुसऱ्या कशावर भांडल्याचं मला आठवत नाही. वाटणी झाली तेव्हा भांडलो नाही, आईच्या दागिन्यांवरून भांडलो नाही. दिल्लीवरून मात्र रोज. दादा नाव घ्यायचा नाही, "आपला माणूस" म्हणायचा. मीही नाव घ्यायचो नाही, "तुझा माणूस" म्हणायचो. त्याचं म्हणणं असं, की या देशाला पहिल्यांदा कोणीतरी ताठ उभं केलं, बाहेरच्या देशात आपलं नाव निघायला लागलं. माझं म्हणणं असं, की मला बाहेरच्या देशात जायचं नाही, मला वसमतच्या मोंढ्यात, बाजारात जायचंय आणि तिथं मला कोणी विचारत नाही. तो म्हणायचा, तुझ्यासारख्यांना चांगलं दिसतच न्हाई. मी म्हणायचो, तुला दुसरं काही दाखवतच नाहीत.

माझी मतं आजही तीच आहेत आणि ती मी इथं लिहिणार, कोणाला आवडो न आवडो. प्रश्न विचारणाऱ्याला आधी "तू कोणाच्या बाजूचा?" असं विचारायची पद्धत ज्या देशात पडते, तिथं आत काहीतरी जळालेलं असतं. आणि आमच्या बाजूचे तरी कुठं धुतल्या तांदळासारखे आहेत? ज्याच्या नावानं गावोगाव बोंबा मारल्या, त्याच्याच शेजारी आज खुर्ची टाकून बसलेत. पक्ष फुटतात, चिन्हं पळवली जातात, गळ्यातले रुमाल बदलतात. वरचे सगळे एका ताटात जेवतात आणि खाली आम्ही एकमेकांच्या लग्नाला जात नाही. आमच्या गल्लीत यावरून बोलणं बंद झालेली घरं आहेत. सख्खे शेजारी, भिंतीला भिंत लागून, आणि हळदीकुंकवाला बोलावणं नाही. दादाचं आणि माझं तसं कधी झालं नाही, कारण भांडण हीच आमची भेट होती. ते बंद केलं असतं तर मग बोलायचं काय?

तर तो टीव्ही. पुतण्या पुण्याला असतो, त्यानं दिवाळीला पाठवून दिला. भिंतीवर मीच बसवला. एवढा पातळ, की पाठीमागून उघडून बघावं असं त्यात काही नाहीच. मी दुरुस्त केलेल्या टीव्हीला मत नव्हतं. चित्र वरखाली पळायचं, आवाज जायचा, पावसाळ्यात मुंग्या दिसायच्या. पण सगळ्या गल्लीत एकच बातमी, एकाच बाईच्या तोंडून यायची आणि मग ज्याला जे भांडायचं ते तो भांडायचा. हा नवा टीव्ही आपल्यावर नजर ठेवून असतो. तुम्ही काय बघता, कशावर थांबता, काय मध्येच सोडून देता, हे सगळं ध्यानात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तेच ताटात वाढून आणतो. माझ्या घरच्या पडद्यावर एक देश दिसायचा आणि चार घरं सोडून दादाच्या पडद्यावर दुसराच. हातात मोबाईल आला तेव्हा मला वाटलं होतं, आता सगळ्यांना सगळं कळेल. झालं उलटंच. ज्याला जे आधीच कळलं होतं, तेच त्याला दिवसरात्र परत परत कळायला लागलं. आमच्यात या यंत्रानं जेवढी फूट पाडली तेवढी कुठल्या पुढाऱ्याला एकट्यानं जमली नसती, हे माझं मत मी दादासमोरही मांडलं होतं. तो म्हणाला, "तुझं दुकान बसलं म्हणून बोलून राहिला तू."

दादाला रिमोटनं अक्षरं टिपायला जमायचं नाही. स्टेअरिंग धरून धरून बोटं जाड झालेली. मग मी त्याला रिमोटवरचं माईकचं बटण दाखवलं. "हे दाबून धर आणि काय पाहिजे ते बोल." पहिल्यांदा त्याचा विश्वास बसेना. मग रिमोट तोंडाजवळ धरून, मागच्या सीटवरच्या पॅसेंजरला हाक मारावी तसा तो ओरडला, "आपल्या माणसाचं भाषण लाव!" आणि टीव्हीनं लावलं. नावसुद्धा न घेता! दादानं माझ्याकडे असं बघितलं, की जसं काही मी हरलो.

दुसरं एक तो लावायचा. रस्ते. कोणीतरी गाडीच्या काचेला मोबाईल चिकटवून नुसता समोरचा रस्ता दाखवतो, बोलणं नाही, गाणं नाही, रस्ता आणि गाडीचा आवाज. कोकणातले घाट, समुद्राकाठचे, कुठले कुठले. आणि मधूनच आपल्याकडचा नवा चौपदरी. दादा ते तासन् तास बघायचा. वळण आलं की त्याचा उजवा पाय खाली फरशीवर दाबला जायचा, ब्रेक दाबावा तसा. वहिनी मला खुणेनं दाखवायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

ती त्याची शेवटची संध्याकाळ. हळद शिजवायचे दिवस होते. सगळ्या गावावर तो ओला, कडवट वास. दादा आपल्या माणसाचं काहीतरी कौतुक सांगत होता आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "दादा, मला एक सांग. एकच. इतकी वर्षं झाली. तुझा माणूस कुठंतरी चुकला, असं तुला कधी वाटलं का? एक गोष्ट सांग. देव बी चुकतो."

मला वाटलं, तो ओरडेल. तो ओरडला नाही. गिलास खाली ठेवला, टीव्हीकडे बघितलं, मग दाराबाहेर.

"हाय एक," तो म्हणाला.

"काय?"

"उद्या सांगतो." मग माझ्याकडे बोट केलं. "पर तू बी एक सांगायचं. आपल्या माणसाच्या राज्यात झालेलं एक चांगलं. तुझ्या तोंडातून बी कधी निघालं न्हाई."

"उद्या सांगतो," मी म्हटलं.

वहिनी आतून म्हणाल्या, "दोघं बी उद्यावर ढकलून राहिले. म्हंजी काहीच न्हाई."

माझं उत्तर घरी पोहोचायच्या आधीच ठरलेलं होतं. खरं म्हणजे ते कधीपासून ठरलेलं होतं, फक्त मी तोंडातून काढत नव्हतो. रस्ता. आमचा नांदेडचा रस्ता चांगला झाला होता. ज्या रस्त्यानं माझ्या भावाची कंबर खाल्ली तो आता पोटातलं पाणी हलू देत नाही, हे मला प्रत्येक फेरीला जाणवायचं. पण म्हणायचं कसं? एकदा म्हटलं, की दादा ते वर्षभर पुरवून पुरवून खाणार. मी म्हणायचो, रस्ता आमच्याच पैशानं झालाय, टोल आम्हीच भरतो. तेही खरंच आहे. पण रस्ता चांगला झालाय, हेही खरं.

सकाळी पुढच्या गल्लीतल्या पोराला गाडीसकट घेऊन वहिनीच माझ्या दारात आल्या. दादाच्या छातीत कळ आली होती. आम्ही त्याला मागच्या सीटवर घेतलं, डोकं माझ्या मांडीवर, पाय वहिनींच्या. वसमत सुटलं आणि गाडी नांदेडच्या मोठ्या रस्त्याला लागली. खड्डा नाही, हिसका नाही, काही नाही. मला आईचं आठवलं. तिला याच रस्त्यानं जीपमधून नेलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ती "अगं आई गं" म्हणत होती. दादा काहीच म्हणत नव्हता. त्याचे डोळे अर्धे मिटलेले. माझ्या तोंडाशी आलं होतं, दादा, रस्ता लई चांगला झालाय रे. पण मी "डोळे उघड, डोळे उघड" एवढंच म्हणत राहिलो. एका वळणावर त्याचा उजवा पाय वहिनींच्या मांडीवर दाबला गेला, ब्रेक दाबावा तसा. त्यानंतर तो हलला नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले.

हे मी नदीकाठी कसं सांगणार होतो? एक जण आईला सांभाळायची शपथ घेतो, एक जण बांध सोडून देतो, आणि मी पुढं होऊन म्हणायचं, दादा, रस्ता चांगला झाला? आणि समजा म्हटलं असतं आणि कावळा आला असता, तरी माझं अर्धंच मिटलं असतं. त्याचं उत्तर कुठं होतं? "हाय एक." काय होतं ते एक?

त्या दोन शब्दांनी मला पछाडलं. दुकानात बसलो की ऐकू यायचे, जेवताना ऐकू यायचे. हा माणूस माझ्याशी वर्षानुवर्षं छातीठोक भांडला आणि त्याच्या मनात एक खुटखुट होती. ती त्यानं मला दाखवली नाही, आणि दाखवायला निघाला तर गेला. आपण एखाद्याला ओळखतो म्हणतो म्हणजे काय ओळखतो? मी त्याची मतं ओळखत होतो. त्याचं मन मला कुठं माहीत होतं?

तेरावं झाल्यावरही मी दिवेलागणीला त्याच्याकडे जात राहिलो. पायांना दुसरी वाट माहीत नव्हती. पहिल्या दिवशी दारातच थबकलो. आतून दादाच्या माणसाचं भाषण चालू होतं. वहिनी देवापुढं दिवा लावून स्वयंपाकघरात गेल्या होत्या. दादाची खुर्ची रिकामी. आणि टीव्ही त्या खुर्चीकडे तोंड करून बोलत होता. पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या गोलात दादाचा खाकी कपड्यातला फोटो, पुतण्यानं बसवलेला, आणि खाली ओळीनं सगळी त्याच्या आवडीची भाषणं, भांडणं आणि रस्ते. वर लिहिलेलं, तुमच्यासाठी. दादा गेल्याचं टीव्हीला कोणी कळवलंच नव्हतं.

"वहिनी, बंद करू का?" मी विचारलं.

"राहू द्या, भाऊजी."

"तुम्ही बघता हे?"

"मला काय समजते त्याच्यात? नुसते वरडतेत. पर यांची येळ हाय ही." त्यांनी मला गोड चहा दिला, कपात. स्टीलचा गिलास मांडणीवर पालथा होता. "कपडे देऊन टाकले. चप्पल बी दिली. पोरगं म्हणते, आई, पुण्याला ये, इथं काय राहिलं? म्हणलं, राहिलं न्हाई कसं? यांना काय आवडते ते या टीव्हीला बराबर माहीत हाय. मला इचारलं तर मी इसरून जाईन एखांदं. हे इसरत न्हाई."

मी मेकॅनिक माणूस. यंत्रात माणूस नसतो, हे मला वहिनींपेक्षा जास्त कळतं. पण खरं सांगतो, त्या खोलीत माझ्या अंगावर काटा आला. रोज संध्याकाळी ते यंत्र माझ्या मेलेल्या भावाची मतं त्याच्या खुर्चीला सांगत होतं, आणि त्यातलं एकही त्या "हाय एक"च्या नंतरचं नव्हतं.

मग एक दिवस वहिनींनीच सांगितलं. "त्या शेवटच्या दिशी तुमी गेल्यावर यांनी रिमोट घेतला. तुमी भांडून गेले की रोजच घ्यायचे. तुमी जे म्हणले ते त्याला इचारायचे, खरं हाय का म्हणून. तुमच्यासमोर मानायचे न्हाईत, पर इचारायचे. त्या दिशी बटण दाबलं आन् बोललेच न्हाईत. नुसतं धरून बसले. टीव्हीतली ती बाई बोलली, ऐकू आलं नाही, परत सांगा. यांनी परत दाबलं. परत गप. मी म्हणलं, काय पायजे? तर म्हणले, काय न्हाई, आन् जेवायला बसले."

मी त्या रात्रीच्या जेवणाचं विचारलं नाही. रोज मला "गप रे, तुला काय कळतं" म्हणणारा माझा भाऊ माझं प्रत्येक म्हणणं घेऊन त्या रिमोटपाशी जात होता. हे मला तो जिवंत असताना कळलं असतं, तर मी त्याच्याशी जास्त जपून भांडलो असतो की जास्त जोरात, कोण जाणे.

आता मला चैन पडेना. वाटलं, त्याची ती एक गोष्ट त्यानं कुठंतरी ऐकली असणार, बघितली असणार. दादा पेपर वाचायचा नाही. जे काही त्याच्या डोक्यात गेलं ते याच पडद्यातून गेलं. म्हणून मी संध्याकाळी वहिनी आत असताना रिमोट घ्यायला लागलो. दादाच्या माणसाची चूक काय झाली, हे शोधायला लागलो. नोटा बंद झाल्या तेव्हा तो स्वतः रांगेत उभा राहिला होता, ते असेल का? मोठा आजार आला तेव्हा लोक पुण्या-मुंबईहून पायी आले, आमच्या गल्लीत दोन बायका पायांना फोड घेऊन पोहोचल्या, दादानं त्यांना पाणी दिलं होतं, ते असेल? एखादं खोटं ठरलेलं वचन? मी बोलायचो आणि टीव्ही दाखवायचा. मी मन लावून बघायचो, शेवटपर्यंत. प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, हेच का, दादा? हे का?

पावसाळा असा गेला. पितृपंधरवडा आला. दादाच्या तिथीला वहिनींनी गच्चीवर पान ठेवलं. मी गच्चीवर गेलो नाही. कावळा आला का, हे मी विचारलं नाही आणि वहिनींनीही सांगितलं नाही. संध्याकाळी नेहमीसारखा गेलो. वहिनी टीव्हीसमोर उभ्या होत्या. हातात रिमोट, आणि तोंडावर असा भाव, की घरात कोणी परका माणूस शिरलाय.

"भाऊजी, याला काय झालं? यांचं काहीच येऊन न्हाई राहिलं."

मी बघितलं. कोपऱ्यातल्या गोलात दादाचा फोटो होता तसाच होता. खाली ओळीनं सगळी माझी माणसं. दादा ज्यांना शिव्या द्यायचा ती. आणि त्याच्या माणसाच्या चुका, एकाखाली एक, संपतच नव्हत्या. मी एक चूक मागितली होती, त्यानं पोती रिकामी केली होती. वर तसंच लिहिलेलं, तुमच्यासाठी. भाषण नाही, रस्ता नाही, काही नाही.

किती वर्षं मी याच गोष्टीची वाट बघितली होती. दादाच्या घरात, दादाच्या नावावर, माझं म्हणणं खरं ठरावं. ते झालं होतं. दादाच्या टीव्हीनं बाजू बदलली होती. आणि दादा गेला होता. तो फाल्गुनात गेला, असं मी लोकांना सांगत होतो, पण माझ्यासाठी तो त्या संध्याकाळी गेला.

"बिघडला काय?" वहिनींनी विचारलं. "तुमाला दुरुस्त करता येते ना?"

"येते," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. मी आजवर कधी बसलो नव्हतो तिथं, दादाच्या खुर्चीत बसलो. माईकचं बटण दाबलं आणि काय बोलावं ते सुचेना. त्याच्या माणसाचं नाव माझ्या जिभेवर येईना. खोटं बोलून मी त्याला परत आणू शकत नव्हतो, आणि मला माझं मतही बदलायचं नव्हतं. ते आजही बदललेलं नाही. टीव्हीतली बाई बोलली, ऐकू आलं नाही, परत सांगा. मी परत दाबलं. परत गप्प. तेव्हा मला कळलं, की दादाचं उत्तर मला कधीच मिळणार नाही. पण माझं उत्तर माझ्यापाशी होतं आणि ते मी अजून दिलं नव्हतं.

मी रिमोट तोंडाजवळ धरला आणि मागच्या सीटपर्यंत जावं असं, मोठ्यानं म्हणालो, "रस्ता चांगला झाला! आपला नांदेडचा रस्ता. लई चांगला झाला."

आवाज माझ्या तोंडातून निघाला, पण तो माझा नव्हता. स्वयंपाकघरात भांडं पडलं. पडद्यावरची माझी माणसं गेली आणि रस्ता आला. काचेतून दिसणारा, रिकामा, दोन्ही बाजूंना हळदीची वावरं, पुढं कडुनिंब. गाडीचा तो एकसुरी आवाज खोलीत भरला. मी बघत राहिलो. वळण आलं आणि माझा उजवा पाय फरशीवर दाबला गेला.

वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्याकडे बघितलं नाही, टीव्हीकडेच बघत उभ्या राहिल्या. चहा स्टीलच्या गिलासात होता. मी एक घोट घेतला. त्यात साखर नव्हती. मी तो सगळा प्यालो.